टायरची हवा हळूहळू उतरतेय? गळती अशी शोधा, अशी बुजवा

एकाच चाकात दर आठवड्याला हवा भरायची आणि गाडी पुढे दामटायची, ही सवय टायरच्या मुळावर येते. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, तापते आणि आतले धागे सुटू लागतात. मग साध्या पंक्चरवर भागलं असतं तिथे अख्खा टायर टाकून द्यावा लागतो. म्हणून गळतीचा संशय आला की त्याच आठवड्यात शोध घ्या.

आधी खरंच गळती आहे का ते पाहा. सकाळी, गाडी बाहेर काढण्यापूर्वी, टायर थंड असताना चारही चाकांची हवा मोजून लिहून ठेवा. किती हवी तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. चांगल्या टायरमधूनही महिन्याला १-२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा जाते आणि तापमान ५-६ अंशांनी उतरलं की आणखी साधारण १ पीएसआय कमी दिसतं. चारही चाकं सारखीच उतरली असतील तर दोष बहुधा हवामानाचा. एकच चाक आठवडाभरात ३-४ पीएसआयने मागे पडलं, तर पाणी तिथेच मुरतंय.

आता त्या चाकात हवा पूर्ण भरा. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायचं थोडं लिक्विड घाला. बाटली जोरात हलवू नका. आधीच फेस झाला तर गळतीचे बुडबुडे त्यात ओळखू येत नाहीत.

सुरुवात व्हॉल्व्हपासून करा. सगळ्यात सोपी जागा हीच आणि नेमकी हीच राहून जाते. माझ्या गाडीच्या एका चाकात मी दीड महिना दर रविवारी हवा भरत होतो, खिळा शोधून थकलो होतो. शेवटी टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब हळूहळू फुगला, मसुराएवढा झाला, फुटला आणि पुन्हा फुगू लागला. आतली पिन सैल होती. पिन फिरवायच्या छोट्या पान्याने हलकेच आवळली की बऱ्याचदा काम होतं, नाहीतर पिन बदला. मग व्हॉल्व्ह बोटाने थोडा वाकवून बुडाशीही फवारा. तिथे रबराला भेगा असतील तर तो बदलावाच लागतो, आणि ते काम टायरवाल्याचं.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर चाक काढा. गाडी सपाट, कडक जमिनीवर हवी, हँडब्रेक ओढलेला, काढायच्या चाकाच्या तिरकस समोर येणाऱ्या चाकाला दगड लावलेला. नट जमिनीवर असतानाच सैल करा, मग जॅक चढवा. जॅकवरच्या गाडीखाली हात-पाय घालू नका. चाक आडवं ठेवून जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर हात-हात भागाने फवारा आणि थांबा. बुडबुडे दिसले की खडूने खूण करा. खिळा दिसला तरी लगेच उपटू नका. छिद्र बऱ्याच अंशी त्यानेच बुजवलेलं असतं. काढलात की हवा भसाभस जाईल.

नक्षीत काही नाही? मग टायर आणि रिम जिथे भेटतात ती कड दोन्ही बाजूंनी भिजवा आणि दोन-तीन मिनिटं वाट बघा. इथे मोठे बुडबुडे येत नाहीत, बारीक पांढऱ्या फेसाची रेघ उमटते. कारण बहुधा रिमवरचा गंज. टायर उतरवून रिम घासून घ्यावी लागते. रिम वाकली किंवा तडकली असेल तर तेही तिथेच कळतं.

ट्यूबलेस टायरचं पंक्चर घरी काढायचं असेल तर छिद्र नक्षीच्या मधल्या भागात आणि ६ मिलिमीटरपर्यंतचंच हवं. बाजूवर किंवा खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि बाजू मिळतात त्या कडेला, असेल तर कोणी कितीही सांगितलं तरी पट्टी लावून चालवू नका; तो भाग सतत वाकतो, पट्टी तिथे टिकत नाही.

खिळा कोणत्या कोनात घुसलाय ते बघून पक्कडीने ओढा. त्याच कोनात पंक्चर किटमधली खरखरीत सुई चार-पाच वेळा आत-बाहेर करून छिद्र साफ करा. दुसऱ्या सुईच्या डोळ्यात चिकट पट्टी अर्धी ओवा, सोल्युशन लावा आणि दोन्ही टोकं साधारण दीड सेंटीमीटर बाहेर राहतील इतकी आत दाबा. सुई न पिळता एका झटक्यात सरळ ओढा. हवा भरून साबणाचं पाणी पुन्हा मारा. बुडबुडे नसतील तर टोकं नक्षीच्या पातळीला कापा.

ही पट्टी तात्पुरती समजा. टायर उतरवून आतून तपासून, छत्रीसारखा पॅच लावून घेतला की दुरुस्ती पक्की होते. कमी हवेवर बरंच अंतर चालला असाल तर आतून तपासणं टाळूच नका.

चाक बसवताना नट समोरासमोरचे पाळीपाळीने आवळा, आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा मोजा, आठवड्याने परत मोजा, आणि दोन्ही आकडे सुरुवातीला लिहिलेल्या कागदावरच, त्या चाकाच्या पुढे टाका.