स्टेम सेलपासून ग्लिया बनवताना या चुका टाळा

ग्लिया म्हणजे मेंदूत न्यूरॉनना साथ देणाऱ्या पेशी; अ‍ॅस्ट्रोसाइट हा त्यातलाच एक प्रकार. तिसाव्या दिवशी एक विद्यार्थिनी डिश घेऊन आली. "सर, अ‍ॅस्ट्रोसाइट झाले!" मायक्रोस्कोपखाली जीएफएपी या प्रथिनाचे लांबच लांब हिरवे धागे खरंच सुंदर दिसत होते. पण मानवी रेडियल ग्लियातही, म्हणजे अजून काहीच न बनलेल्या पूर्वज पेशींतही, जीएफएपी असतंच. शेजारच्या डिशला न्यूरॉन ओळखणारा ट्यूजे-१ चा रंग दिला तर निम्म्या पेशी न्यूरॉनच्या वाटेवर होत्या. पोरीचा चेहरा पडला. चूक तिची नव्हती, तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. एका मार्करवर, म्हणजे पेशीची ओळख पटवणाऱ्या एकाच खुणेवर, विसंबू नका. एस१००-बीटा, अ‍ॅक्वापोरिन-४ हे मार्करही बघा आणि पेशी ग्लुटामेट (न्यूरॉनचं संदेशवाहक रसायन) शोषून घेतात का तेही तपासा.

सगळ्यात महागात पडते ती घाई. गर्भाच्या मेंदूत आधी न्यूरॉन तयार होतात, ग्लिया मागाहून. सुरुवातीला जीएफएपीच्या जनुकावर मिथाइल या रासायनिक गटाचं कुलूप असतं, त्यामुळे विसाव्या दिवशी अ‍ॅस्ट्रोसाइट बनण्याचा इशारा देणारं सीएनटीएफ हे प्रथिन ओतलं तरी पेशी दाद देत नाहीत. एनएफआयए हे प्रथिन आलं की ते कुलूप सुटू लागतं. नेहमीच्या पद्धतीत परिपक्व अ‍ॅस्ट्रोसाइटला काही महिने द्यावेच लागतात. लवकर डिश भरावी म्हणून सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घालू नका. पेशी वाढतात, पण जखमी मेंदूतल्यासारख्या चिडक्या होतात.

सुरुवातीला पेशी विरळ पेरल्या तर मेंदूऐवजी न्यूरल क्रेस्टकडे, म्हणजे मेंदूबाहेरच्या नसा वगैरे बनवणाऱ्या पेशींकडे, वळतात. दाट पेरा.

कोल्हापूरकरांसाठी खास: ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढवणारी, घडवणारी प्रथिनं) पावसाळ्याआधीच मागवा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता, ते विसरू नका. पार्सल उघडल्यावर ड्राय आइस संपलेला असेल, तर 'चालतंय की' म्हणून वापरू नका. आल्याबरोबर छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठवा. एकदा वितळलेली ट्यूब परत गोठवायची नाही.

पेशी दिसायला ठणठणीत, पण वाढ मंदावली? मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूचा संशय घ्या. त्याला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिन निरुपयोगी. दर महिन्याला पीसीआर (त्याचा डीएनए शोधणारी चाचणी) करा.

न्यूरल पूर्वज पेशी तयार झाल्या की त्याच आठवड्यात चार-पाच व्हायल लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवा. साठाव्या दिवशी इन्क्युबेटरात बुरशी शिरली, तर निदान पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागणार नाही.