नारळी पौर्णिमेआधी बोटीचं बूड

पावसाळी बंदी लागली की बोट उधाणाच्या भरतीला वर ओढतात. बुडाची तयारी त्याच दिवशी सुरू करायची, जुलैअखेर नाही. बूड ओलं आहे तोवरच घासून घ्या. बार्नॅकल म्हणजे बुडाला चिकटून वाढणारे समुद्री जीव; त्यांची पांढरी टोकदार टरफलं एकदा वाळली की दगडासारखी बसतात. वरचं टरफल निघालं तरी खाली चकतीसारखा तळ चिकटून राहतो. तोही काढायचा, कारण त्याच्या कडेकडेनं नवा रंग सुटतो.

लोखंड असेल तर प्रत्येक टरफलाखाली बघा. तिथे प्राणवायू पोचत नाही. काळा थर दिसला, कुजलेल्या अंड्यासारखा वास आला आणि खरवडल्यावर खाली चकचकीत खड्डा निघाला, तर जिवाणूंनी पत्रा खाल्लाय असं समजा. हातोडीनं ठोकून जाडी तपासा. स्टेनलेसच्या नटबोल्टांवरही विसंबू नका, वॉशरखाली त्यांनाही खड्डे पडतात. लाकडी बोटीत सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी फळी ठोकून बघा. जहाजकिडा खरं तर किडा नाही, शिंपल्याच्याच कुळातला आहे. बाहेरून भोक बारीक, आत बोटभर जाडीचा बोगदा. पोकळ आवाज आला तर फळी बदला, लांबी (पुट्टी) भरून भागत नाही.

मग गोड्या पाण्यानं भरपूर धुवा. रंगाखाली मीठ राहिलं की फोड येतातच. रंगकाम उघडिपीत करा, पत्रा हाताला कोरडा लागला पाहिजे. आधी गंजरोधक अस्तर, त्यावर तांब्याचा रंग. तांबं हळूहळू पाण्यात उतरतं म्हणूनच टरफलं बसत नाहीत. जुना रंग घासताना तोंडाला मास्क हवाच, आणि खरवडलेला भुगा ताडपत्रीवर गोळा करा. खाडीत गेला तर तो कालवं, तिसऱ्या अशा शिंपल्यांच्या पोटात जातो, आणि ती आपणच खातो.

बुडाला बसवलेल्या जस्ताच्या वड्यांवर मात्र थोडं थांबा. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की त्यातला दुबळा झिजतो. जस्त आपण मुद्दाम झिजायला देतो. एका वर्षी आमच्या रंगाऱ्यानं वड्यांवरूनही ब्रश फिरवला. मार्चमध्ये बोट वर घेतली तर वड्या कोऱ्या करकरीत आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या पितळी पात्यांची कड गुलाबी. चिमटीत धरली तर मोडली. पितळातलं जस्त निघून गेलं होतं, उरलं ते ठिसूळ तांबं. म्हणून निम्मी झिजलेली वडी बदला, ती बसते तिथला धातू घासून उघडा करा, आणि वडीवर रंग नको.

उलट, जिथे तांब्यानं टरफलं रोखायची आहेत तिथे त्याला जस्त जोडू नका. १८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीनं ब्रिटिश नौदलाच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्तासारखेच आधी झिजणारे लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं, आणि त्यावर शेवाळ नि टरफलं माजली.

इंजिन गार करायला समुद्राचं पाणी ओढणारी नळी आणि जाळी उघडून साफ करा, आतल्या टरफलांनी इंजिन तापतं. रंगाचा शेवटचा हात कधी द्यायचा ते डब्यावरची मुदत वाचून ठरवा. रंगकामाच्या वेळी जस्तावर चिकटवलेला कागद काढा, हात फिरवून खात्री करा, आणि मग बोट लोटा.