इंडियन पुडिंग: मका, काकवी आणि दोन तासांची मंद आच

नावातला ‘इंडियन’ म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेचे मूळ रहिवासी. १६२० साली इंग्लंडहून अमेरिकेत प्लिमथला उतरलेल्या लोकांचा गहू तिथल्या न्यू इंग्लंड भागाच्या मातीत नीट येईना. तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी त्यांना मका लावायला शिकवलं. त्या मक्याच्या पिठाला हे इंग्रज ‘इंडियन मील’ म्हणत. मायदेशी ते गव्हाचं पीठ दुधात शिजवून पुडिंग करायचे, इथे तेच मक्याचं होऊ लागलं. गोडीला आली मोलॅसिस, म्हणजे उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा काळपट पाक, कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून. तिथे राबत होते गुलाम केलेले आफ्रिकी लोक. हे पुडिंग खाताना त्यांचीही आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

चार जणांसाठी एक लिटर सायीचं दूध, अर्धी वाटी मक्याचं जाडसर पिवळं पीठ (पांढरं कॉर्नफ्लोअर अजिबात नको), अर्धी वाटी मोलॅसिस, दोन मोठे चमचे लोणी, अर्धा-अर्धा चमचा सुंठपूड, दालचिनीपूड आणि मीठ घ्या. मोलॅसिस नसेल तर काकवी चालते. मात्र मोलॅसिस साखर काढून उरलेली, म्हणून किंचित कडवट. काकवी तिच्याहून गोड. तेव्हा ती थोडी कमीच घाला.

जाड बुडाच्या पातेल्यात पाऊण लिटर दूध तापवा. कडेला बुडबुडे दिसू लागले की एका हाताने पीठ भुरभुरत वैरा, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. गुठळी झाली तर ती पुढे भट्टीतही मोडत नाही. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं शिजवा. कण्यांसारखा रटरट आवाज येऊ लागतो आणि डाव फिरवला की पातेल्याचा तळ क्षणभर दिसतो. तेवढं दाट झालं की गॅस बंद.

मोलॅसिस किंवा काकवी आत्ता घाला, आधी नाही. नुसत्या गरम दुधात गूळ पडला की ते फाटतं, तेच इथे होईल. दाट झालेल्या पिठात तो धोका बराच कमी. मग लोणी, मसाले, मीठ घालून सगळं लोणी लावलेल्या भांड्यात ओता.

ओव्हन १५० अंशांवर ठेवा. तासाभराने उरलेलं पाव लिटर दूध वरून अलगद ओता, ढवळू नका. आणखी तासभर भाजा. वर तपकिरी साय धरते, मधला भाग हलवला तर थरथरतो. कडेला थोडं पाणी सुटलेलं दिसेल, घाबरू नका, याची जातच तशी. आच वाढवून लवकर उरकायला गेलात तर कडा करपतील आणि मध्ये कच्चं राहील. अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ सालच्या ‘अमेरिकन कुकरी’त याच्या तीन कृती आहेत. त्यातली एक कापडात किंवा भांड्यात बंद करून बारा तास उकडायची आहे!

बाहेर काढल्यावर अर्धा तास तसंच राहू द्या, म्हणजे आळेल. कोमट असतानाच वाढा, वर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा. तो वितळून काकवीच्या तपकिरी रंगात पांढऱ्या रेघा उमटल्या की चमचा घाला.