पेटी वाजवणाऱ्यांनी रिक वेकमन कसा ऐकावा

सांगलीत गावभागात माझ्याकडे पेटी शिकायला येणारी मुलं कधीतरी विचारतात, "ताई, कीबोर्डवरचं इंग्रजी काय ऐकू?" मी इंग्लिश कीबोर्डवादक रिक वेकमनचा 'द सिक्स वाइव्ज ऑफ हेन्री द एट्थ' लावायला सांगते. 'येस' या रॉक बँडमध्ये असतानाच त्याने केलेला हा अल्बम जानेवारी 1973 मध्ये आला, तेव्हा तो 23 वर्षांचा होता. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीच्या सहा राण्या, प्रत्येकीवर एक रचना, आणि गाण्याचे शब्द असे नाहीतच. नाट्यगीतांना साथ करून माझे कान सुराच्या शेवटाकडे लागलेले असतात. तुम्हीही तिथूनच धरा.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. मी पहिल्यांदा तसंच ऐकलं, तर डाव्या हाताचा सगळा खर्ज गायब! हेडफोन लावा.

सुरुवात चौथ्या रचनेपासून करा, 'जेन सीमोर'. पण आधी पेटी जवळ घ्या. काळी एकचा सा दाबून ठेवा आणि भाता थांबवा. सूर क्षीण होत होत विरतो. आता रचना लावा. लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमधला हा खरा पाइप ऑर्गन. पट्टी दाबलेली आहे तोवर सूर तसूभर हलत नाही, बोट उचललं की संपतो. नंतर जी आस, म्हणजे मागे घुमत राहणारा आवाज, उरते ती त्या इमारतीची. एवढंच दोन-तीनदा ऐका, बाकी काही नको.

मग मिनीमूग या सिंथेसायझरकडे या. त्यातून एका वेळी एकच सूर निघतो, कितीही पट्ट्या दाबा. म्हणून तो गळ्यासारखा चालतो, बाजूच्या चाकावर मींडही घेतो, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जातो. पेटीवाल्यांना आयुष्यभर हुलकावणी देणारी ती मींड! त्याचा आवाज मिटतो-उघडतो तेही लक्षात घ्या. मिरजेत सतारमेकरांकडे तंबोऱ्याची जवारी लागताना बघा: तारेखालचा सुताचा धागा केसभर सरकतो आणि सूर एकदम खुलतो. मूगमध्ये ते काम फिल्टर करतो, म्हणजे सुरातली चमक कमी-जास्त करणारा भाग.

व्हायोलिनचा ताफा किंवा बासऱ्या आल्यासारखं वाटलं की मेलोट्रॉन या कीबोर्डची शंका घ्या. यात प्रत्येक पट्टीसाठी टेपचा एक तुकडा असतो, त्यावर खरं वाद्य ध्वनिमुद्रित केलेलं. साधारण 8 सेकंदांत टेप संपते आणि सूरही. बोट उचललं की टेप मागे जाते. लांब सूर हवा असेल तर वादकाला टेप संपायच्या आत बोट उचलून पट्टी पुन्हा दाबावी लागते. भाता कधी मारायचा याचा हिशोब आपण करतो, तसाच हा.

हॅमंड या विजेवरच्या ऑर्गनसाठी 'कॅथरिन पार' ऐका. तिथे हवा नाही, फिरणाऱ्या चाकांतून सूर निघतो.

एवढं झालं की अल्बम सलग ऐका, दिलेल्या क्रमानेच. तो लग्नांचा क्रम नाही; दुसरी राणी अ‍ॅन बोलीन इथे पाचवी येते. तिच्या रचनेच्या शेवटी संध्याकाळी म्हणायचं एक ख्रिस्ती स्तवन आहे, संथ, तीन-तीन मात्रांचं. ते पेटीवर बसवा. ओळ संपेपर्यंत भात्याचा झटका सुरात ऐकू येता कामा नये. जमलं की मला वाजवून दाखवा.