पासवर्ड फुटलाय का, हे ब्राउझरमध्येच कसं तपासावं

‘तुमचा पासवर्ड किती मजबूत आहे ते पाहा’ म्हणणाऱ्या अनोळखी साइटवर खरा पासवर्ड टाइप करू नका. तिथे काय साठवलं जातं, हे आपल्याला कळत नाही. शिवाय त्याची गरजही नाही. पासवर्ड फुटलाय का, ही तपासणी क्रोम ब्राउझरमध्येच डिसेंबर २०१९ पासून आहे.

सुरुवात स्वतःच्या कॉम्प्युटरवर किंवा फोनवर करा, सायबर कॅफेत नको. ब्राउझर अपडेट करून घ्या. क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून गूगल पासवर्ड मॅनेजर उघडा आणि ‘चेकअप’वर क्लिक करा. सेव्ह केलेले पासवर्ड तीन गटांत दिसतात: फुटलेले, अनेक ठिकाणी वापरलेले आणि कमकुवत.

पण मग तपासताना पासवर्ड कंपनीकडे जात नाही का? ही शंका रास्तच आहे. सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या, फुटलेली माहिती तपासून देणाऱ्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ सेवेची २०१८ पासूनची पद्धत पाहिली की युक्ती कळते. पासवर्डपासून गणिताने ४० अक्षर-अंकांचा हॅश, म्हणजे एक सांकेतिक ओळ, तयार होतो. त्यातले पहिले पाचच सर्व्हरकडे जातात. त्या पाचांनी सुरू होणारे फुटलेल्या पासवर्डांचे सगळे हॅश परत येतात आणि आपला त्यात आहे का, हे आपल्याच मशीनवर जुळवून पाहिलं जातं. सर्व्हरला पासवर्ड कळत नाही आणि पूर्ण हॅशही नाही. क्रोमची पद्धत वेगळी आणि जास्त गुंतागुंतीची आहे, पण तीही हॅशचा छोटा तुकडा आणि एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणं) यांवरच चालते.

यादी लांबलचक निघाली तर सगळं एकाच दिवशी बदलायला बसू नका. सर्वांत आधी ईमेल, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’वाले दुवे तिथेच येतात. त्यानंतर बँक, मग खरेदीच्या साइट. प्रत्येक ठिकाणी नवा पासवर्ड ब्राउझरलाच सुचवू द्या आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री) सुरू करा. ‘ए’च्या जागी ‘@’ टाकण्याची हुशारी पासवर्ड फोडणाऱ्यांना केव्हाच पाठ झाली आहे.

पासवर्डांची फाइल एक्स्पोर्ट करून ठेवायचा मोह टाळा. ती साध्या मजकुरात असते आणि डाउनलोड्समध्ये तशीच पडून राहते. केलीच असेल, तर रीसायकल बिनमधूनही काढा.

यादीत काहीच सापडलं नाही, तर तो पासवर्ड आजवर उघड झालेल्या माहितीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन-तीन महिन्यांनी चेकअप पुन्हा चालवा.