सर्पगरुड आधी कानांनी शोधा

इंदूरहून खंडवा रोडने निघालात, सिमरोल मागे पडलं आणि भेरूघाट उतरायला लागला, की आधी गाडीचा एसी बंद करा आणि काचा खाली करा. माझे दीर दर वेळी कुरकुरतात, "वहिनी, धूळ येते." येऊ दे. सर्पगरुड दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि बंद काचेतून ऐकू येत नाही.

मी रामबागेत राहते. पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, आता दर दोन आठवड्यांनी चोरलच्या जंगलात जाते. सुरुवातीच्या वर्षी माझ्या वहीत सर्पगरुडाची नोंद अकरा वेळा होती. मग एकदा एका वनरक्षकाला मी आकाशात बोट दाखवून मोठ्या ऐटीत "वो देखो गरुड" म्हटलं. तो बिचारा हळूच म्हणाला, "मॅडम, वो तो चील है." म्हणजे साधी घार. घरी येऊन अकरापैकी नऊ नोंदी खोडल्या. पुढे कळलं, की १७९० साली जॉन लॅथम या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने या पक्ष्याला शास्त्रीय नाव देताना 'चीला' हाच शब्द वापरला, आपल्या हिंदीतल्या 'चील'वरूनच. म्हणजे घोटाळ्याची परंपरा जुनी आहे. तेवढंच समाधान.

तर तुम्ही माझ्यासारखं करू नका. पहाटे पाचला उठून धावायचीही गरज नाही. घारी-गरुड उन्हाने तापलेल्या हवेवर वर चढतात, त्यामुळे साडेनऊ ते अकरा ही वेळ खरी. घरून जिरावण घातलेले पोहे खाऊन निघालात तरी चालेल. मोकळा आकाशाचा तुकडा आणि खाली झाडी दिसेल असं घाटातलं एखादं वळण गाठा, गाडी रस्त्याच्या पूर्ण बाजूला लावा (ट्रक कोणाचे ऐकत नाहीत) आणि गप्प बसा. उंचावरून खणखणीत शीळ येते, तीन-चार सुरांची, शेवटचा सूर लांबवलेला: केक-केक-कीऽऽऽ. हा पक्षी उडता उडता ओरडतो. घारीची शीळ कापरी, थरथरती असते. एकदा दोन्ही ऐकल्या की पुन्हा चूक होत नाही. मात्र सातपुड्यातल्या दाट जंगलात गेलात तर भृंगराज पक्ष्यापासून सावध राहा. तो नकलाकार आहे आणि सर्पगरुडाची शीळही घालतो.

आवाजाच्या दिशेने मान वर केली, की आधी पंख बघा. रुंद, टोकाला गोल, आणि तरंगताना किंचित वर उचललेले, उथळ 'व्ही'सारखे. मग पट्टे बघा. पंखांच्या मागच्या बाजूला एक जाड पांढरा पट्टा आणि त्याच्या कडेला काळी किनार, शेपटीवरही तसाच एकच जाड पांढरा पट्टा. आमच्या इंदूरच्या बायकांना सांगायचं तर गडद महेश्वरीला पांढरा ठसठशीत काठ. शेपूट मध्ये दुभंगलेली दिसली तर ती घार, वही बंद करा. मान लांब आणि डोकं कबुतराएवढं लहान वाटलं तर तो मधुबाज. खालून फिकट पांढुरका, आणि उघड्या माळावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेला असेल, तर तो सापमार गरुड. तोही साप खातो, पण त्याला माळ लागतो. आपल्या सर्पगरुडाला झाडी आणि पाणी लागतं.

बसलेला शोधणं जास्त कठीण, आणि मला तेच आवडतं. सगळे शेंड्यावर बघतात. हा बहुतेकदा शेंड्याच्या खाली, पानांच्या सावलीत, नाल्याकडे तोंड करून तासन्‌तास बसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं गळली की काम सोपं होतं. दुर्बीण असेल तर ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) पुरे. चोच ते डोळा पिवळी उघडी कातडी, पिवळा डोळा, तपकिरी पोटावर पांढरे ठिपके. मानेमागचा काळा-पांढरा तुरा एरवी चापून बसवलेला असतो. बिथरला की पंख्यासारखा उघडतो आणि डोकं दुप्पट दिसतं.

पिल्लू मात्र फसवतं. कोवळ्या सर्पगरुडाचं डोकं पांढुरकं असतं आणि मोरघार या दुसऱ्या शिकारी पक्ष्याशी गल्लत होते. अशा वेळी पाय बघा. मोरघारीने बोटांपर्यंत पिसांचा पायजमा घातलेला असतो, सर्पगरुडाच्या नडग्या उघड्या. त्या उघड्या पायांवर जाड खवले असतात, आणि सापाशी झटापट करताना तेच त्याचं चिलखत.

सापाचं म्हणाल, तर फार अपेक्षा ठेवून जाऊ नका. नोव्हेंबरात चोरलच्या एका नाल्यावर भाच्याला घेऊन मी पाऊण तास बसले. पक्षी फांदीवरून झेपावला, भाचा उभाच राहिला, आणि वर आला तेव्हा त्याच्या पंजात होता खेकडा. "साप कुठे?" म्हणून भाचा घरी येईपर्यंत रुसलेला. साप हा मुख्य आहार खरा, पण सरडे, बेडूक, उंदीर, खेकडे सगळं चालतं. छोटा साप मिळाला तर तो अख्खा गिळतो. चोचीतून शेपटी लोंबत असलेला पक्षी उडताना दिसणं हे नशीब.

हिवाळा सरताना जोडी आकाशात घिरट्या घालत जास्त ओरडते. मग पाण्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचं घरटं होतं, आत हिरवी पानं अंथरली जातात, आणि त्यात एकच अंडं. साधारण चाळीस दिवस उबवणं, पुढे दोन महिने पिल्लाला सांभाळणं. घरटं सापडलं तर लांबूनच मागे फिरा आणि जागा कोणाला सांगू नका. मी एकदा उत्साहाच्या भरात एका फोटोवाल्याला सांगितली. पुढच्या रविवारी झाडाखाली सहा जण आणि एक स्टूल होतं. तेव्हापासून विचारणाऱ्याला मी फक्त "घाटात" एवढंच सांगते.

परतताना वेळ असेल तर कालाकुंड स्टेशनकडे वळा, तिथे पानात कलाकंद मिळतो. खाताना कान उघडे ठेवा. गेल्या माघात दोन्ही हात कलाकंदाने बरबटलेले असताना डोक्यावर केक-केक-कीऽऽऽ झालं, आणि मी तशीच दुर्बीण उचलली. तिच्या भिंगावरचा डाग अजून पुरता निघालेला नाही.