पिक लाइन, अंघोळ आणि ब्लाऊजची बाही

केमोसाठी उजव्या दंडात पिक लाइन, म्हणजे शिरेतून औषध द्यायची बारीक नळी, बसवली. नळीचं आतलं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत, बाहेरचं दंडावर लोंबतं. दर आठवड्याला ड्रेसिंग बदलणं, सलाइनने फ्लश करणं सिस्टर करतात. खरी कटकट अंघोळीची, कारण ड्रेसिंग भिजलं की जंतुसंसर्गाची भीती.

नुसती पिशवी बांधली तर पाणी शिरायचंच. आता ड्रेसिंगवर कोरडा रुमाल, त्यावर क्लिंग फिल्म चार बोटं वर-खाली जास्त गुंडाळून कडांना चिकटपट्टी. आवळायची मात्र नाही. शॉवर बंद, बादली-तांब्या, आणि तो हात लांब धरलेला.

बाहीचं काम शिंप्याने केलं. उजव्या बाहीची शिवण उसवून टिचबटणं लावून दिली. केमोला बसताना बटणं उघडली की झालं, ब्लाऊज काढायला नको. एरवी जुन्या सैल पायमोज्याचा पंजा कापून दंडावर चढवते, म्हणजे टोक पदरात अडकत नाही. (आमचे हे हसतात. हसू देत.)

त्या हाताने बादली उचलत नाही, बीपीही डाव्या हातावर. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला किंवा दंड सुजला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला फोन.